दलाल म्हणजे वाट दाखवणारा : शेअर बाजारातील दलालीचा एक धावता इतिहास

ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते ते गणिताचे शिक्षक होते आणि मी आयुष्यभर मराठी शिकवले. दोघांच्या विषयांची गाठ कोठे पडते, याचा विचार करताना मला अंकगणिताच्या जुन्या पुस्तकांतील अडत, दलाली आणि सूट यांवरची उदाहरणे आठवली. अमुक रुपयांचा माल विकला, शेकडा अमुक दलाली दिली, तर धन्याच्या हाती काय पडले? महाराष्ट्रात २०१८ साली आलेल्या दहावीच्या बीजगणितातही ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण आहे. त्यात शेअर आहेत, दलाली आहे, आणि ती दलाली अजून शेकड्यांतच मोजलेली आहे. ज्या मुलांच्या हाती ते पुस्तक आहे त्यांचे थोरले भाऊ मात्र शेकडा नव्हे, तर सौद्यामागे ठरावीक वीस रुपये देऊन, किंवा काहीही न देता, खिशातल्या फोनवरून शेअर घेतात आणि विकतात. शेकड्यापासून वीस रुपयांपर्यंत आपण कसे आलो, हा आजचा विषय.

आरंभ शब्दापासून करतो. ती माझी सवय आहे. ‘दलाल’ हा शब्द अरबी. मूळ धातूचा अर्थ दाखवणे, वाट दाखवणे. त्यावरून बाजारात मालाचा पुकारा करणारा, गिऱ्हाइकाला मालापर्यंत नेणारा तो दल्लाल. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द आहेच. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो मराठीत पुरता रुळलेला होता. वायदा हा शब्दही अरबी, तेजी फारसी वळणाची, बदला अरबी मुळाचा, मंदी आणि सट्टा देशी भाषांतले. हुंडी आणि सराफा तर पेशवाईतच घरोघर माहीत होते. ‘शेअर’ला आपण पुढे ‘समभाग’ हा प्रतिशब्द काढला, परंतु बोलताना आजही कोणी तो वापरत नाही. माझ्या मते भाषेने येथे योग्य तेच केले. बाजार आधीपासून आपला होता, म्हणून त्याच्या क्रियांना आपल्याकडे शब्द होते. कंपनीची मालकी वाटून घेण्याची कल्पना मात्र बाहेरून आली आणि तिचे नाव तिच्याबरोबर आले.

ती कल्पना येथे कायद्याने रुजली १८५७ च्या कंपनी कायद्याने. भागधारकाची जबाबदारी त्याने घेतलेल्या भागापुरतीच, हे तत्त्व त्या कायद्याने हिंदुस्थानात आणले. कंपनी बुडाली तर भाग बुडेल. घरदार जाणार नाही. या एका तत्त्वावाचून पुढचा सारा इतिहास घडला नसता. मुंबईत त्या सुमारास टाउन हॉलसमोरील वडाच्या झाडांखाली अवघे पाचसहा दलाल उभे राहून सौदे करीत. १८६० च्या सुमारास त्यांची संख्या साठांवर गेली होती. त्यांचे अग्रणी प्रेमचंद रायचंद. इंग्रजी लिहितावाचता येणारा पहिला देशी दलाल असा त्यांचा लौकिक सांगितला जातो. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. आलेला पैसा जिरवण्यासाठी कंपन्यांमागून कंपन्या निघाल्या. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅक बे रिक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या घरात गेला. दलालांची संख्या दोनशेंच्या पुढे गेली. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चे, नेमक्या या भरतीच्या वेळचे. ओहोटी त्यात यायची होती.

ती आली १८६५ च्या वसंतात. युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ रोजी ज्या वायद्यांची मुदत भरत होती ते पाळण्यास कोणाकडे पैसा उरला नाही. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला भाग ८७ रुपयांना विकला गेला. त्या झळीतून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखा विद्वानही सुटला नाही. प्रेमचंदांनी आईच्या नावाने बांधण्यास दिलेल्या पैशातून उभा राहिलेला राजाबाई टॉवर मात्र टिकला. मुंबई विद्यापीठात गेलेल्या प्रत्येकाने त्याची घटका ऐकली आहे. दिनशा वाच्छा यांनी पुढे १९१० साली या पर्वावर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. अर्थेतिहास रुक्ष असतो असे मानणाऱ्यांनी ते अवश्य पाहावे.

धडा घेऊन दलालांनी स्वतःची संघटना बांधली. ९ जुलै १८७५ रोजी ‘नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन’ स्थापन झाली. सभासद ३१८, प्रवेश फी एक रुपया. आजचा मुंबई शेअर बाजार तो हाच. एक रुपया भरून आत जाता येणारा हा व्यवसाय पुढे इतका बंदिस्त झाला, की सभासदाचे ‘कार्ड’ ही मोठी मालमत्ता होऊन बसली. बाजारात बसण्याचा हक्क थोड्यांकडे असला की बाहेरच्याने त्यांच्याकडूनच वाट विचारावी लागते, आणि वाट दाखवणाऱ्याने किती घ्यावे हेही तेच ठरवतात.

येथे एका समजाचा परामर्श घेतो. मराठी माणूस शेअरच्या वाटेला जात नाही, असे आपण स्वतःविषयी मोठ्या प्रौढीने, कधी खेदाने, सांगत असतो. १९०७ साली टाटांच्या पोलाद कंपनीचे भांडवल लंडनमध्ये उभे राहीना, तेव्हा ते मुंबईत तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी उभे केले. पुढे खेळत्या भांडवलाची गरज पडली तेव्हा चार लाख पौंडांचे कर्जरोखे एकट्याने घेतले ते ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी. त्याच काळात अंताजी दामोदर काळे गावोगाव हिंडून ‘पैसा फंड’ जमवीत होते. लोकमान्यांचा पाठिंबा असलेल्या त्या फंडातून १९०८ साली तळेगावला काचकारखाना निघाला. पैसा फंडाच्या वर्गणीला लाभांश नव्हता, ती वर्गणीच होती, हे खरे. परंतु आपला एक पैसाही कारखान्यात लागू शकतो ही जाणीव तिने सामान्य घरात पोहोचवली. इंदूरला, होळकरांच्या संस्थानात, १९१९ साली शेअर बाजार निघाला. तोच पुढे मध्य प्रदेश स्टॉक एक्स्चेंज झाला. तेव्हा आपण या वाटेने गेलोच नाही असे नाही. वाट दाखवणारे थोडे होते, आणि वाट महाग होती.

किती महाग, ते १९८० च्या दशकातल्या भोपाळवरून सांगतो. त्या काळी मी येथे शिकवीत होतो. १९५६ साली राजधानी झाल्यावर नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडून आलेली मराठी कुटुंबे आणि हेवी इलेक्ट्रिकल्समुळे वसलेला पिपलानी-बरखेड्याचा परिसर, असे पगारदारांचे हे शहर. १९७३ च्या परकीय चलन कायद्यामुळे परदेशी कंपन्यांना आपले भाग भारतीयांना द्यावे लागले. १९७७ साली रिलायन्सचे भाग बाजारात आले. प्राध्यापक, अभियंते, कारकून अर्ज भरू लागले. नव्या भागांचा अर्ज बँकेत नेऊन देता येई. अडचण होती ती मिळालेला भाग विकण्याची. भोपाळला शेअर बाजार नव्हता. येथला उपदलाल इंदूरच्या किंवा मुंबईच्या दलालाला फोन करी, तो बाजारातल्या माणसाला सांगे, आणि प्रत्येक कडीला तिचा हिस्सा मिळे. सौदा कोणत्या भावाने झाला हे आपल्याला दोन दिवसांनी कळे. तो खरोखर त्याच भावाने झाला की दिवसातल्या सर्वांत गैरसोयीच्या भावाने आपल्या नावावर मांडला गेला, हे कधीच कळत नसे. मग कागद: भागपत्र, हस्तांतरणाचा अर्ज, त्यावर शेकडा अर्धा रुपया स्टॅम्प. सही जुळली नाही की कंपनीकडून सर्व कागद परत. मराठीत सही करणाऱ्या गृहिणींचे कागद तर हमखास परत येत. आडनावाच्या शेवटी रेघ थोडी लांबली एवढे कारण पुरे. दलालीची कमाल मर्यादा शेकडा अडीच होती. गुरुजींच्या पद्धतीने हिशेब करू: एक लाखाचे भाग घेताना अडीच हजार, विकताना अडीच हजार. म्हणजे भाव पाच टक्क्यांहून अधिक चढल्याखेरीज विकणाऱ्याच्या हाती मुद्दलसुद्धा येत नाही.

पण त्या दलालीत आणखी काही मिळत असे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. उपदलाल घराला ओळखी. मुलीचे लग्न तोंडावर असेल तर ‘सर, आत्ता यात घालू नका’ असे म्हणे. त्याचा सल्ला नेहमी शहाणा असे असे नव्हे. कित्येकदा त्याच्या हिताचा असे. तरीपण सौदा करण्यापूर्वी एका माणसाशी बोलावे लागे, आणि बोलता बोलता अर्ध्या लोकांचा सौदा करण्याचा विचारच बदलत असे.

भोपाळमध्ये भागभांडवलाविषयी बोलायचे आणि एका कंपनीचे नाव टाळायचे, हे मला योग्य वाटत नाही. युनियन कार्बाइड इंडिया ही बाजारात नोंदलेली कंपनी होती. तिचे ५०.९ टक्के भाग अमेरिकेतल्या मूळ कंपनीकडे होते; उरलेले भारतीयांकडे, त्यांत सरकारी वित्तसंस्थाही होत्या. येथला कारखाना १९६९ चा. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री काय झाले ते या सभागृहात सांगण्याची आवश्यकता नाही. सांगायचे आहे ते त्या भागांचे पुढे काय झाले ते. अमेरिकन कंपनी येथल्या फौजदारी न्यायालयापुढे हजर होईना, तेव्हा १९९२ साली न्यायालयाने तिचे भाग जप्त केले. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने ते कलकत्त्याच्या मॅकलॉइड रसेल कंपनीला विकले गेले, कंपनीचे नाव बदलून एव्हरेडी इंडस्ट्रीज झाले, आणि त्या विक्रीच्या पैशातून उभे राहिले ते करोंदजवळचे भोपाळ मेमोरियल रुग्णालय. भाग म्हणजे पडद्यावरचा हलता आकडा नव्हे, एका जिवंत कारखान्याच्या मालकीचा तुकडा आहे, हे या शहराला जितके कळते तितके दलाल स्ट्रीटलाही कळत नसेल. १८५७ च्या कायद्याने भागधारकाचे घरदार वाचवले असे मी मघाशी म्हणालो. कारखान्याच्या कुंपणालगतच्या वस्तीचे घरदार त्या कायद्याच्या कक्षेत कधीच नव्हते.

आता पुढचा टप्पा, जो विलक्षण वेगाने घडला. जगात त्याची सुरुवात आधी झाली होती. १ मे १९७५ रोजी अमेरिकेत ठरावीक दलालीची सक्ती उठली आणि चार्ल्स श्वाबसारखे स्वस्त दलाल निघाले. लंडनने तेच २७ ऑक्टोबर १९८६ ला केले. आपल्याकडे बदलाला निमित्त लागले ते १९९२ च्या हर्षद मेहता प्रकरणाचे. त्याच वर्षी सेबीला वैधानिक अधिकार मिळाले. राष्ट्रीय शेअर बाजार स्थापन झाला आणि नोव्हेंबर १९९४ पासून त्यावर शेअरचे सौदे संगणकाच्या पडद्यावर होऊ लागले. उपग्रहाच्या तबकड्यांनी तो पडदा मुंबईबाहेरच्या शहरांत आणला. इंदूरचा भाव, मुंबईचा भाव हा भेदच संपला. आणि भेद संपला तेव्हा इंदूरच्या बाजाराचे प्रयोजनही संपले. २०१५ साली सेबीने त्याला रीतसर निरोप दिला. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने कागद गेले, सहीची रेघ लांबण्याचा प्रश्न मिटला. २००० साली इंटरनेटवरून सौदे करण्यास परवानगी मिळाली. २००१ साली बदला बंद झाला. जुन्या बाजाराचा हा लाडका शब्द आता कोशातच उरला.

तरीही दलाली अजून शेकड्यांतच होती. ती रीत मोडणाऱ्यांत अग्रणी ठरली बंगळूरची झेरोधा, १५ ऑगस्ट २०१० रोजी नितीन कामत यांनी सुरू केलेली. सौदा हजाराचा असो की कोटीचा, सौद्यामागे फार तर वीस रुपये. यामागचा तर्क सरळ होता: संगणकाला दोन्हींसाठी तितकेच श्रम पडतात. डिसेंबर २०१५ पासून शेअर घेऊन ठेवणाऱ्यांना तेही वीस रुपये माफ झाले. या नावाविषयी एक भाषिक विषयांतर केल्यावाचून राहवत नाही. ‘झीरो’ आणि संस्कृत ‘रोध’ यांचा हा संकर आहे. शून्य अडथळा असा अर्थ. शुद्धतावादी नाक मुरडतील. पण ‘झीरो’ हा तरी परका कोठे आहे? आपल्या ‘शून्या’चे अरबांनी ‘सिफ्र’ केले, त्यावरून युरोपात ‘झीरो’ झाले, आणि तो शब्द जगाची फेरी मारून बंगळूरच्या पाटीवर घरी परतला.

आजच्या हिशेबाने लाखाचे भाग घेऊन ठेवले आणि नंतर त्याच भावाने विकले तर दलाली शून्य असली तरी सरकारचा व्यवहार कर दोन्ही वेळा शंभर शंभर रुपये, मुद्रांक पंधरा रुपये आणि बाकी किरकोळ. सारे मिळून अडीचशेच्या आसपास. जेथे पाच हजार लागत तेथे अडीचशे. निवृत्तिवेतनातून दरमहा थोडे थोडे भाग घेणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही खरोखर क्रांती आहे, आणि तिला नावे ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी डीमॅट खाती होती. ऑगस्ट २०२२ मध्ये ती दहा कोटींवर गेली आणि मार्च २०२४ मध्ये पंधरा कोटींवर.

मग दलालाचे पोट कशावर भरते? हा गुरुजींनी विचारला असता तो प्रश्न. घेऊन ठेवणाऱ्याकडून काही मिळत नाही, तेव्हा जो घेतो आणि लगेच विकतो त्याच्याकडून मिळते. विशेषतः जो वायदे आणि ‘ऑप्शन’ यांत खेळतो त्याच्याकडून. दिवसाला वीस सौदे, सौद्यामागे वीस रुपये, वर्षाला बाजाराचे दोनशे चाळीस दिवस धरले तर छप्पन्न नव्हे, सत्तर नव्हे, शहाण्णव हजार रुपये केवळ दलालीचे होतात. स्वस्ताई सौद्याला आली, माणसाला नव्हे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत अशा व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या आणि एकत्रित तोटा १.८ लाख कोटींहून अधिक होता. सौद्यांच्या खर्चापोटी त्यांनी सुमारे ५०,००० कोटी भरले, त्यांतले निम्म्याहून थोडे अधिक दलालीचे. यांतल्या तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांखाली सांगितले होते. २०२३-२४ मध्ये तिशीच्या आतले ४३ टक्के होते. आपल्या शाळेतून दहाबारा वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या मुलांचे वय नेमके हेच. समोरच्या बाजूला जिंकणारे कोण, तर मोठ्या संस्थांचे संगणक. १८६५ साली हरलेला निदान वडाखाली उभा राहून हरला. शेजाऱ्याला ते दिसले. आजचा मुलगा आपल्या खोलीत दार लावून हरतो आणि आईला परीक्षेच्या फीचे कारण सांगतो.

यात स्वस्त दलालाने फसवले असे मी म्हणणार नाही. त्याने ‘रोध’ काढला आणि दर आधी सांगितला. मात्र वाट दाखवण्याचे काम त्याने घेतलेच नाही. ते त्याच्या वीस रुपयांत बसत नाही, आणि विनापरवाना सल्ला देण्यास कायद्याची मनाईही आहे. ती रिकामी जागा यूट्यूबवरच्या वाचाळ उपदेशकांनी आणि टेलिग्रामवरच्या टोळ्यांनी भरली. शब्दाच्या मूळ अर्थाने दलाल तेच, आणि त्यांची दलाली कोणत्याही करारपत्रावर छापलेली नसते. उलट महाग, प्रतिष्ठित दलालाकडे पैसा सुरक्षित, हाही भ्रम ठेवू नये. २०१९ साली कार्वी या मोठ्या आणि जुन्या दलाली पेढीने ग्राहकांचे भाग स्वतःच्या कर्जासाठी गहाण टाकल्याचे उघड झाले. त्यानंतर सप्टेंबर २०२० पासून गहाणाची पद्धत बदलली. आता भाग ग्राहकाच्या खात्यातच राहतात, आणि गहाण ठेवायचे तर त्याची स्वतःची संमती फोनवरच्या संकेतांकाने द्यावी लागते. कोणत्याही दलालाकडे खाते असो, आपले भाग खरोखर आपल्या नावावर आहेत की नाहीत हे डिपॉझिटरीकडून येणाऱ्या मासिक पत्रकात पाहता येते. दलालाच्या पडद्यावर विसंबू नये, ते पत्रक उघडावे. ते फुकट असते.

शेवटी या सभागृहातल्या ज्येष्ठांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. अनेकांच्या ट्रंकेत त्या ऐंशीच्या दशकातली भागपत्रे अजून पडून असतील. १ एप्रिल २०१९ पासून कागदी भागांचे हस्तांतर बंद झाले आहे. ते विकायचे तर आधी डीमॅट करून घ्यावे लागतात. सलग सात वर्षे लाभांश उचलला नसेल तर ते भाग केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जमा झालेले असतात. ते बुडालेले नसतात. कंपनीकडून हक्कपत्र घेऊन आयईपीएफ-५ हा अर्ज भरला की परत मागता येतात, आणि त्या अर्जाला सरकारी फी नाही. हे काम टक्केवारीवर करून देतो म्हणणारे लोक हल्ली दारोदार येऊ लागले आहेत. त्यांच्याकडे जाण्यापूर्वी मूळ कागद घेऊन कंपनीच्या निबंधकाला एक पत्र पाठवावे. पत्रात फोलिओ क्रमांक, जुना पत्ता आणि भागपत्रावर जशी असेल तशीच सही असावी. रेघ लांबली तरी चालेल, पण दोन्हीकडे सारखीच लांबलेली असावी.